मेपलची गुटी: फांदीतून बोन्साय उतरवताना

मोठ्या वाढलेल्या मेपलच्या वरच्या भागाकडे एकदा निवांत बघा. खालचं खोड सरळसोट, बिनफांद्यांचं, त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. पण वर कुठेतरी अंगठ्याएवढी जाड एखादी फांदी जराशी वळलेली असते. तिला दोन्ही बाजूंनी बारीक फांद्या फुटलेल्या असतात आणि टोकाकडे ती निमुळती होत गेलेली असते. तळहाताने खालचं सगळं झाकून बघितलं, की उरतं ते चक्क एक छोटं झाड. त्याला कमी असतात ती स्वतःची मुळं. ही मुळं झाडावरच फोडून घ्यायची आणि मग ते छोटं झाड कापून उतरवायचं, याला मराठीत गुटी बांधणं म्हणतात. जपानी बोन्सायवाले याला तोरिकी म्हणतात. डाळिंबाची किंवा लिचीची गुटी ज्यांनी बांधली आहे त्यांना यातलं निम्मं काम आधीच येतं. उरलेलं निम्मं बोन्सायचं आहे, आणि चुका बहुतेक तिथे होतात.

फळझाडाच्या गुटीला मुळं फुटली की झालं. ती एकाच बाजूने फुटली तरी रोप मातीत गेल्यावर कोण बघायला जातंय? बोन्सायमध्ये मात्र सगळ्यांची नजर पहिली तिथेच जाते. बुंध्याभोवती चहूबाजूंनी पसरून मातीत शिरणारी मुळं, म्हणजे नेबारी, हा मेपलच्या बोन्सायचा अर्धा रुबाब. गुटीची मुळं फुटतात ती कापलेल्या सालीच्या वरच्या कडेतून. म्हणजे चाकूने तुम्ही जी वरची गोल रेघ ओढता, तीच त्या झाडाची कायमची जमीन ठरते. म्हणून पुढे वरच्या कडेचा उल्लेख कंटाळा येईल इतक्या वेळा येणार आहे.

आत काय घडतं

हे दोन मिनिटांत समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच सूचना पाठ करायची गरज उरत नाही. मुळांनी शोषलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं. पानांनी तयार केलेली साखर मात्र सालीतून खाली उतरते, आणि मुळं फुटायला लावणारं ऑक्सिन हे संजीवकही शेंड्याकडून खालीच येत असतं. फांदीभोवतीचा सालीचा पट्टा काढून टाकला, की वर जाणारं पाणी चालूच राहतं, कारण लाकूड शाबूत असतं. खाली येणारा माल मात्र वरच्या कडेपाशी अडतो. तिथे तो साठतो, कड फुगते, तिच्यावर पांढरट गाठाळ थर येतो, त्याला कॅलस म्हणतात. तिथे अंधार आणि ओलावा मिळाला, की मुळं निघतात.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक बारीक, हिरवट, बुळबुळीत थर असतो. हा कॅम्बियम. झाडाची जाडी वाढवणारा आणि जखम भरून काढणारा हाच. गुटीच्या कामात त्याच्याइतका चिवट विरोधक दुसरा नाही. त्याचा एखादा धागा जरी पट्ट्यावर राहिला, तरी तो वरची आणि खालची साल पुन्हा जोडतो. रस्ता मोकळा झाला की साखर आरामात खाली जाते आणि झाडाला नवी मुळं काढायचं काही कारणच उरत नाही. मेपल जखमा भरून काढण्यात पटाईत असल्यामुळे हे त्याच्या बाबतीत जरा जास्तच घडतं.

कोणता मेपल, कोणती फांदी

नवख्याने सुरुवात त्रिशूळी मेपलपासून, म्हणजे एसर बुर्गेरियानमपासून करावी असं माझं मत आहे. तीन टोकांच्या पानांचा हा मेपल जोमाने मुळं काढतो आणि हातून झालेल्या बारीकसारीक चुका पोटात घालतो. जपानी मेपल, एसर पाल्मेटम, गुटीला चांगलाच प्रतिसाद देतो, पण त्याच्या शेकडो जातींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. साधा हिरवा पाल्मेटम सोपा. फार बारीक चिरलेल्या पानांच्या किंवा मुळातच मंद वाढणाऱ्या जातींकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वळावं.

नावाच्या जातींसाठी गुटीचं वेगळंच मोल आहे. देशोजो, शिशिगाशिरा, कियोहिमे यांचं बी पेरलं तर येणारं रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते, म्हणून रोपवाटिकांमध्ये त्यांची कलमं साध्या पाल्मेटमच्या खुंटावर बांधलेली असतात. त्या जोडाची गाठ बुंध्याजवळ वर्षानुवर्षं दिसत राहते. अराकावा या खडबडीत सालीच्या जातीत तर हे फारच खटकतं, कारण वर भेगाळलेली साल आणि खाली खुंटाचं गुळगुळीत खोड. जोडाच्या वर गुटी बांधली, की नवं झाड पूर्णपणे त्याच जातीचं आणि स्वतःच्या मुळांवर उभं राहतं. एक सावधगिरी हवी. काही नाजूक जाती स्वतःच्या मुळांवर तितक्या जोमाने वाढत नाहीत, म्हणून मूळ झाड जपून ठेवावं.

फांदी निवडताना जाडी दीड ते तीन सेंटिमीटर धरा. यापेक्षा कितीतरी जाड फांद्यांवर, अगदी मनगटाएवढ्या खोडांवरही अनुभवी लोक गुटी बांधतात, पण तिथे एक चूक झाली तर वर्षांची वाढ जाते. पेन्सिलीपेक्षा बारीक फांदीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आता जागा. इथे घाई करू नका, दोन-तीन दिवस येता-जाता बघा. भावी झाडाची पहिली फांदी बुंध्यापासून किती उंचीवर हवी? खोडाचं वळण जमिनीपासूनच सुरू व्हायला हवं, म्हणजे वरची कड वळणाच्या अगदी मुळाशी यायला हवी. बहुतेक जण कड फार खाली घेतात, दोन बोटं जास्त असलेली बरी म्हणून. मग कुंडीत बसवल्यावर खाली एक लांब, सरळ, कंटाळवाणा दांडा उरतो. मी स्वतः पहिल्या तीन गुट्यांत हेच केलं. शक्य असेल तर कड एखाद्या पेराच्या जरा खाली ठेवा, कारण पेराजवळ खोड किंचित फुगीर असतं आणि तो फुगवटा बुंध्याला शोभतो.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. झाड कुंडीत ज्या कोनात उभं राहणार आहे, त्या कोनातच वरची कड कापायची. फांदी झाडावर आडवी असली आणि पुढे ती थोडी कलती उभी करायची असली, तर कडसुद्धा तेवढीच तिरकी घ्यावी लागते. फांदीला काटकोनात रेघ ओढून मोकळे झालात, तर पुढे एका बाजूची मुळं हवेत आणि दुसऱ्या बाजूची खोल मातीत, अशी अवस्था होते. खडूने किंवा दोरा गुंडाळून आधी रेघ आखा, मान तिरकी करून बघा, मग चाकू उचला.

पट्ट्याच्या खाली, आईच्या (म्हणजे मूळ झाडाच्या) बाजूला, निदान एक-दोन पानांच्या फांद्या असायला हव्यात. गुटीच्या वरच्या पानांची साखर आता खाली जाणार नाही. खाली एकही पान नसेल तर आईची मुळं उपाशी राहतात. त्यात आईचं झाड अशक्त असेल, त्याच वर्षी कुंडी बदललेली असेल किंवा ते आजारी असेल, तर गुटी पुढच्या वर्षावर टाका.

वेळ

तारीख बघू नका, पानं बघा. वसंतात मेपलला पहिली पालवी येते तेव्हा ती लुसलुशीत, चमकदार आणि बऱ्याच जातींत लालसर असते. ही पानं सुरुवातीला झाडाने साठवून ठेवलेल्या अन्नावर जगतात. काही आठवड्यांनी ती जून होतात, रंग गडद होतो, बोटांत धरल्यावर जराशी कडक लागतात. आता ती स्वतः कमावून खाली पाठवू लागलेली असतात. गुटी बांधायची ती याच सुमारास, म्हणजे वसंताच्या शेवटी किंवा उन्हाळ्याच्या अगदी सुरुवातीला. या दिवसांत सालही सहज सुटते.

याच्या आधी, हिवाळा संपता संपता कापलं तर मेपलच्या जखमेतून रस ठिबकत राहतो. फार उशिरा बांधलं तर मुळांना पानगळीपूर्वी पुरेसा वेळ मिळत नाही.

सामान

धारदार चाकू लागतो. कलमाचा असेल तर उत्तम, नाहीतर नवं पातं घातलेला कटर. चाकू स्पिरिटने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसा. मेपलला व्हर्टिसिलियम नावाच्या बुरशीमुळे मर रोग होतो आणि तो अवजारांवरून पसरू शकतो. लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ), पारदर्शक जाड प्लास्टिक, बांधायला सुतळी किंवा तार, वरून गुंडाळायला अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा काळं कापड, आणि आधाराला एक काठी. मुळं फुटण्यासाठी आयबीए, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन, असलेली पावडर मिळते. मेपलला तिच्याशिवायही मुळं फुटतात, पण तिने ती लवकर आणि जरा जास्त संख्येने येतात असा अनुभव आहे. मिळाली तर वापरा, नाही मिळाली तर काम थांबवू नका.

मॉस निदान दोन तास पाण्यात भिजत ठेवा. हे पहिलं काम. साल काढून झाल्यावर मॉस शोधायला धावलात तर उघडी कड तोवर वाळते.

साल काढणं

आधी वरची रेघ. पातं लाकडाला टेकेपर्यंत साल कापायची, पण लाकडात घुसवायचं नाही. पाणी याच लाकडातून वर जाणार आहे. शिवाय इथे फांदी आधीच कमजोर होते, खोल काप गेला तर वाऱ्याने ती तिथेच मोडते. ही रेघ शक्य तितकी एका हाताने, न थांबता, फांदीभोवती फिरवत ओढा. दातेरी, तुटक रेघेवर मुळंही तशीच तुटक येतात.

मग खालची रेघ. दोन रेघांमधलं अंतर फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. फांदी २ सेंटिमीटर जाड असेल, तर पट्टा ३ ते ४ सेंटिमीटर. नवख्यांना हे फार वाटतं आणि ते जीव मुठीत धरून बोटभर पट्टा काढतात. पट्टा अरुंद राहिला तर कॅलस वितळलेल्या मेणासारखा ओघळत खालच्या सालीला जाऊन मिळतो. पट्टा रुंद ठेवल्याने झाडाचं काही बिघडत नाही.

आता दोन्ही रेघांना जोडणारी एक उभी चीर द्या आणि पात्याच्या पाठीने साल उचला. हंगाम बरोबर असेल तर ती केळीच्या सालीसारखी सुटून येते. खाली पांढरं, ओलं, निसरडं लाकूड दिसतं. निसरडं आहे याचाच अर्थ कॅम्बियम अजून तिथे आहे. पातं आडवं धरून सगळीकडून खरवडा, अगदी वरच्या कडेला भिडेपर्यंत, पण त्या कडेला धक्का न लावता. खरवडून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवून बघा. सुकं आणि किंचित खरखरीत लागलं पाहिजे. कुठे बोट घसरलं तर तिथे पुन्हा खरवडा. गुटी फसली असं सांगत येणाऱ्या दहांपैकी निदान सहा-सातांची गुटी उघडली, तर इथेच उरलेली एक हिरवी चिंधी सापडेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

काही जण वरच्या कडेच्या लगेच खाली तांब्याच्या तारेचा एक घट्ट वेढा देतात. कॅलस खाली ओघळायला तिथे अडथळा होतो आणि कड बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे नेबारीचा घेर वाढतो. जाड फांदीवर ही युक्ती जरूर करून बघा. साल अजिबात न काढता नुसती तार आवळायची, अशीही एक पद्धत आहे. फांदी जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि रस्ता हळूहळू बंद होतो. मात्र तिला बराच जास्त काळ लागतो. पट्टा काढलेला ज्यांना सोसत नाही अशा झाडांसाठी ती ठीक, मेपलला तिची गरज नाही.

पावडर लावायची असेल तर ती ओल्या ब्रशने फक्त वरच्या कडेला, गोल फिरवून लावा. खालच्या बाजूला किंवा उघड्या लाकडावर ती चोपडून उपयोग शून्य.

मॉस बांधणं

भिजलेलं मॉस मुठीत घट्ट पिळा. पाण्याची धार थांबून जेमतेम एखादा थेंब गळेल इतकं. ओलं गच्च मॉस बांधलं तर कड काळी पडून कुजते, हवा लागली नाही तर मुळंही येत नाहीत. पिळलेल्या मॉसचा गोळा दोन भागांत करून पट्ट्याच्या दोन बाजूंनी दाबून बसवा. वरच्या कडेच्या वर निदान तीन बोटं मॉस यायला हवं, आणि सगळ्या बाजूंनी त्याची जाडी सारखी हवी. एका बाजूला मॉस पातळ राहिलं तर तिकडची मुळं हमखास मागे पडतात.

वरून प्लास्टिक गुंडाळा. खालचं टोक घट्ट बांधा, पण तळाशी सुईने दोन-चार भोकं पाडा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाईल. वरचं टोक जरा सैल ठेवलं तर तिथून पाणी घालता येतं. त्यावर फॉइल किंवा काळं कापड. अंधारात मुळं बरी फुटतात आणि प्लास्टिकच्या आत हिरवं शेवाळ धरत नाही. कडक ऊन थेट येत असेल तर फॉइलवरून पांढरं फडकं बांधा. आतलं मॉस तापलं, तर कोवळी मुळं शिजतात म्हटलं तरी चालेल.

प्लास्टिकच्या पिशवीऐवजी मला स्वतःला कुंडीची पद्धत जास्त आवडते. प्लास्टिकची लहान कुंडी एका बाजूने उभी चिरायची, तळाला फांदीच्या जाडीचं भोक पाडायचं, फांदीभोवती ती बसवून पुन्हा तारेने शिवायची आणि आत मॉस, किंवा मॉस आणि बारीक प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) यांचं मिश्रण भरायचं. पाणी रोजच्या कुंडीसारखं वरून घालायचं. निचरा आपोआप होतो, आणि उतरवताना मुळांचा गड्डा आधीच कुंडीच्या आकाराचा असतो. फांदी उभी असेल तरच हे जमतं, आडवीला पिशवीच बरी.

शेवटी फांदी काठीला बांधून आधार द्या. मॉस आणि पाणी मिळून बरंच वजन होतं.

वाट बघणं

सर्वांत अवघड टप्पा हा, कारण यात करण्यासारखं फार थोडं आहे. गुटीच्या वरच्या भागाची छाटणी अजिबात करू नका. वाढलेले शेंडे वेडेवाकडे दिसतात, हात शिवशिवतात, पण प्रत्येक पान तिथे मुळांसाठी कमावत असतं. आईला नेहमीचं खतपाणी चालू ठेवा.

आठवड्यातून एकदा फॉइल सोडून प्लास्टिकवरून बोट दाबून बघा. मॉस मऊ आणि ओलसर लागलं तर पुन्हा झाका. कडक, हलकं लागलं तर वरून थोडं पाणी सोडा, किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने आत सोडा.

पहिल्या दोन-चार आठवड्यांत कड फुगते. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात प्लास्टिकला टेकलेली पांढरी मुळं दिसू लागतात. त्रिशूळी मेपल याहून लवकर दाखवतो. वरची पानं टवटवीत आहेत आणि आठ आठवडे झाले तरी एकही मूळ दिसत नाही, अशी वेळ आली तर गुटी उघडून बघायला हरकत नाही. बहुधा दोनपैकी एक चित्र दिसेल. कॅलसचा पूल खालपर्यंत पोचला असेल, तर तो कापून, खरवडून पुन्हा बांधा. किंवा कडेवर मोठा कॅलस असेल पण मुळं नसतील, तर ती थोड्या दिवसांनी येतील, तसंच झाकून ठेवा. पानं मात्र मलूल होऊन सुकू लागली असतील, तर लाकूड खोलवर कापलं गेलं असण्याची किंवा मॉस कोरडं पडल्याची शक्यता जास्त.

मुळं एकाच बाजूला आली असतील तर? फळझाडात हा प्रश्न पडत नाही, इथे तो कळीचा. ज्या बाजूला मुळं नाहीत तिथलं मॉस हळूच बाजूला करा, कडेची दोन-तीन मिलिमीटर साल ताजी कापा, पावडर लावा आणि ताजं मॉस भरून पुन्हा बांधा. फुटलेल्या मुळांना हात लावू नका. उरलेल्या हंगामात ती बाजूही बरेचदा भरून येते.

उतरवणं

पहिली पांढरी मुळं दिसली की उतरवायचा मोह होतो. थांबा. ती मुळं काकडीच्या फोडीसारखी ठिसूळ असतात, बोट लागलं तरी तुटतात, आणि एवढी सगळी पानं पोसण्याइतकं पाणी ती ओढू शकत नाहीत. मुळांचा रंग पांढऱ्याचा बदामी होईल, त्यांना पुढे बारीक उपमुळं फुटतील आणि मॉसचा गोळा त्यांनी जाळ्यासारखा बांधला जाईल, तेव्हा वेळ झाली. जपानी मेपलला बांधल्यापासून साधारण दोन ते तीन महिने लागतात.

पानगळीपूर्वी निदान पाच-सहा आठवडे हातात असतील तर उतरवा, म्हणजे नव्या कुंडीत मुळांना थोडं बस्तान बसवता येईल. तेवढा वेळ नसेल तर गुटी हिवाळाभर झाडावरच ठेवा, मॉसभोवती ऊबदार आवरण गुंडाळून ती गोठण्यापासून वाचवा आणि वसंतात उतरवा.

उतरवण्याच्या दिवशी आधी कुंडी, जाळी, माती, बांधायच्या तारा सगळं तयार ठेवा. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बरी. प्लास्टिक सोडा, मॉसच्या गोळ्याखाली करवतीने फांदी कापा. कापताना दुसऱ्या कुणाला तरी वरचा भाग धरायला सांगा. शेवटच्या क्षणी फांदी आपल्या वजनाने खाली वाकते आणि तीन महिन्यांची मुळं त्या एका झटक्यात तुटतात. खाली उरलेला दांडा जितका आखूड करता येईल तितका करा, पण मुळांना धोका वाटला तर तो तसाच राहू द्या.

मॉस काढायचं नाही. मुळं त्याच्या धाग्यांत गुंतलेली असतात आणि मॉस ओढलं की तीही तुटून येतात. सगळा गोळा तसाच, गोळ्यापेक्षा जरा मोठ्या कुंडीत, आकादामा (जपानी दाणेदार चिकणमाती) किंवा प्यूमिससारख्या निचऱ्याच्या दाणेदार मिश्रणात बसवा. खोड कुंडीला तारेने पक्कं बांधा. झाड वाऱ्याने हललं, की प्रत्येक हेलकाव्याला कोवळी मुळं तुटतात. आता मात्र लांब वाढलेले शेंडे थोडे कमी करायला हरकत नाही, मुळांवरचा भार तेवढाच हलका होतो.

पहिले दोन-तीन आठवडे सावली, वारा लागणार नाही अशी जागा आणि पानांवर पाण्याचा हलका फवारा. एखाद-दुसरं पान करपलं तर घाबरू नका. मॉसचा गोळा आणि भोवतालची माती वेगवेगळ्या वेगाने सुकतात, म्हणून कुंडी वरून ओली दिसली तरी गोळ्यात बोट घालून बघा. खत महिनाभर तरी नको.

पहिला हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत

मेपलला थंडी हवीच असते, तिच्याशिवाय तो नीट झोपत नाही आणि नीट जागाही होत नाही. पण ताज्या गुटीची मुळं गोठू देऊ नका. कुंडी जमिनीवर भिंतीच्या आडोशाला ठेवून पालापाचोळ्याने झाकली तरी पुष्कळ होतं.

पुढच्या वसंतात डोळे फुगू लागले, पण उघडले नाहीत, अशा वेळी झाड कुंडीतून काढा. आता मॉस काढायचं आहे. पाण्याची हलकी धार आणि लाकडी काडी घेऊन, बाहेरून आत, एकेक धागा सोडवत जा. तास-दीड तास लागतो, लागू द्या. मग खाली राहिलेला दांडा मुळांच्या तळाशी सपाट कापा. सरळ खाली जाणारी मुळं काढा, एकमेकांवरून गेलेली मुळं वेगळी करा आणि बाकीची चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेरच्या दिशेने पसरा. बुंध्याखाली एक सपाट फळी किंवा टाइल ठेवली तर मुळं खाली न जाता आडवीच वाढतात आणि नेबारी रुंद होते. जाड मुळं एका बाजूला असतील तर ती आखूड कापा, बारीक मुळं लांब ठेवा. दोन-तीन वेळा कुंडी बदलेपर्यंत त्यांची जाडी जवळपास सारखी येते.

पहिली दोन वर्षं फांद्यांना तार लावण्याची, आकार देण्याची घाई नको. उथळ, सुंदर बोन्सायच्या कुंडीची तर त्याहून नको. खोल, साध्या कुंडीत झाड वाढू द्या.

आणि आई? गुटी उतरवल्यावर तिच्या फांदीचा उरलेला खुंट खालच्या एखाद्या जिवंत फांदीपर्यंत स्वच्छ कापून जखमेवर लेप लावा. ज्या पेरांवर डोळे आहेत तिथून पुढच्या वसंतात बहुतेक फुटवे निघतील. मेपलची पानं आणि फांद्या समोरासमोर जोडीने येतात, त्यामुळे फुटवेही बरेचदा जोडीने दिसतात. त्यातला योग्य दिशेचा एक ठेवा आणि दुसरा काढा. दोन-चार वर्षांत तो अंगठ्याएवढा झाला, की त्याच्यावर पुढची गुटी बांधता येईल.